हाराजुकूचा रविवार

फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात १८८५ साली काढलेले एक छायाचित्र पुष्कळ मराठी वाचकांनी पाहिलेले असेल. आनंदीबाई जोशी साडी नेसून बसल्या आहेत. त्यांच्याबरोबर सीरियाची एक विद्यार्थिनी आहे, आणि जपानची केई ओकामी किमोनो घालून बसली आहे. गंमत अशी की त्याच सुमारास टोकियोतील राज्यकर्ते आपल्या उच्चकुलीन स्त्रियांना युरोपीय झगे घालावयास प्रोत्साहन देत होते. आपल्याकडेही निराळे चित्र नव्हते. शिक्षणासाठी घराबाहेर पडलेल्या स्त्रीकडे पाहून रस्त्यावरची माणसे कशी गोळा होतात व कशी हसतात, हे आनंदीबाईंनी १८८३ च्या आपल्या श्रीरामपूर येथील भाषणात सांगितलेच होते. तरुण मुलीने काय ल्यावे याचा निवाडा रस्ता करीत असे. पुढे शंभर वर्षांच्या आतच टोकियोच्या हाराजुकू भागातील मुलामुलींनी ह्या पाहणाऱ्या रस्त्यालाच आपला रंगमंच केले, ही हकीकत म्हणूनच कुतूहलाची आहे.

तिचा आरंभ भिलाईकरांना परका वाटू नये. १९५५ च्या करारानंतर आपल्या पोलाद-नगरीत सोव्हिएत तंत्रज्ञांची कुटुंबे येऊन राहिली, आणि त्यांच्या राहणीने येथील मुलांच्या डोळ्यांपुढे एक निराळे जग उभे केले. हाराजुकूला हे घडले ते मात्र मैत्रीच्या करारातून नव्हे, पराभवातून. १९४५ नंतर अमेरिकन सैन्याने तेथील कवायतीचे मैदान घेतले व अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी 'वॉशिंग्टन हाइट्स' नावाची वसाहत वसविली. तिच्या आसपास खेळण्यांची, भेटवस्तूंची दुकाने निघाली. ज्या पिढीने युद्धकाळात 'चैन ही शत्रू होय' अशा घोषणा वाचल्या होत्या, तिला कुंपणापलीकडचे रंगीत कपडे दिसू लागले. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी ती जागा परत मिळाली. तेथे प्रथम खेळाडूंचे निवासस्थान आणि १९६७ साली योयोगी उद्यान झाले.

खरा बदल घडविला तो एका साध्या नागरी व्यवस्थेने. १९७७ पासून रविवारी तेथील हमरस्ता वाहनांना बंद करून पायी चालणाऱ्यांच्या स्वाधीन करण्यात येऊ लागला. जपानी लोक त्याला 'पादचाऱ्यांचा स्वर्ग' म्हणत. आठवडाभर गणवेशात वावरणाऱ्या मुलांना एक दिवस आणि एक रस्ता मिळाला. १९८० च्या सुमारास तेथे झगझगीत सॅटिनचे घोळदार पोशाख घालून, ध्वनिमुद्रण-यंत्रे जमिनीवर ठेवून, वर्तुळात नाचणाऱ्या मुलांचे जथेच्या जथे जमू लागले. ज्या दुकानात असे कपडे मिळत त्याचे नाव 'ताकेनोको', म्हणजे वेळूचा कोवळा कोंब. त्यावरून ही मुले 'ताकेनोको-झोकु', कोंबांची जमात, म्हणून ओळखली गेली. नाव ठेवणाऱ्याच्या रसिकतेला दाद दिली पाहिजे. कोंब एका रात्रीत वर येतो आणि कुणाची परवानगी विचारीत नाही.

पुढे एकातून एक अनेक तऱ्हा निघाल्या. कुणी केसांत डझनावारी रंगीत चिमटे आणि गळ्यात खेळण्यांच्या माळा घालू लागल्या. कुणी 'लोलिता' नावाचा वेष पत्करला. ह्या नावाने वाचकांनी दचकू नये. एका पाश्चात्त्य कादंबरीशी त्याचे नामसादृश्य असले तरी वृत्ती अगदी उलट आहे. गुडघ्यापर्यंतचा घंटेसारखा फुललेला परकर, आत झालरींचे थर, बंद गळा, लेस, टोपी आणि हातात छत्री: एकोणिसाव्या शतकातील युरोपीय बाहुली जणू जिवंत होऊन आगगाडीतून उतरावी! अंगप्रदर्शनाचा येथे लवलेश नाही. पुरुषाच्या नजरेला आवडावे म्हणून नव्हे, स्वतःला आवडते म्हणून आम्ही हे घालतो, असे ह्या मुली सांगतात. आणि तो पोशाख पाहिल्यावर त्यांच्यावर विश्वास बसतो. २००१ साली निघालेल्या त्यांच्या एका नियतकालिकात कपडे बेतण्याचे कागदी नमुनेही दिलेले असत. ज्या मुलीला दुकानातली किंमत परवडत नसे ती शिवणयंत्रापाशी बसे. आपल्याकडील आया मुलींना शिवण शिकावयास सांगून थकतात. तेथे ह्या वेडापायी मुली आपण होऊन शिकल्या.

१९९७ साली शोईची आओकी ह्या छायाचित्रकाराने 'फ्रूट्स' नावाचे मासिक काढले. त्यात व्यावसायिक नटव्या मुली नव्हत्या; रस्त्यावर भेटलेली माणसे होती, आणि छायाचित्राखाली तिने काय घातले, कोठून घेतले, की स्वतः शिवले, एवढी माहिती असे. परंतु पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, रविवारचा तो रस्ता पुन्हा वाहनांना खुला झाला. मुले स्थानकाजवळच्या पुलावर सरकली, मग हळूहळू विरळ झाली. २०१७ साली आओकींनी मासिक बंद केले तेव्हा, टिपण्याजोगी मुलेच आता दिसत नाहीत, असे कारण त्यांनी दिले. स्वस्त तयार कपड्यांनाही ह्याचा दोष दिला जातो, आणि तो काही अंशी खरा असेल. तथापि उभे राहावयास जागाच नाही तर सजून जायचे तरी कोठे? नव्या वसाहती आखणाऱ्यांनी ह्या प्रश्नावर थोडा विचार करण्यासारखे आहे.

शासनाला ह्या पोशाखांची किंमत उशिरा कळली. २००९ साली जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने देशाची गोडी जगाला लावण्यासाठी तीन तरुणींची दूत म्हणून नेमणूक केली. त्यांपैकी लोलिता वेषाच्या मिसाको आओकी ह्या परिचारिकेचे कामही करीत. दुसरी हाराजुकूच्या रंगीबेरंगी तऱ्हेची, आणि तिसरी चक्क शाळेच्या गणवेशाची प्रतिनिधी होती.

आणि हे होत असताना शाळा मात्र आपल्या जागी होत्या. कित्येक शाळांत केस काळेच असले पाहिजेत असा दंडक होता. ओसाका प्रांतातील एका मुलीचे केस जन्मतःच तपकिरी होते. ते वारंवार काळे रंगविण्यास शाळेने तिला भाग पाडले. अखेर तिने शाळेत जाणे सोडले, आणि वर्गातून तिचे बाकही काढून टाकण्यात आले. २०१७ साली तिने न्यायालयात दाद मागितली. २०२१ च्या निकालात बाक हलविल्याबद्दल व नाव वगळल्याबद्दल तिला ३,३०,००० येन भरपाई मिळाली. केसांचा नियम मात्र न्यायालयाने वैध ठरविला. त्यानंतर एका वर्षाने, एप्रिल २०२२ पासून, टोकियोच्या महानगरीय शाळांनी काळ्या केसांची सक्ती आपण होऊन काढून टाकली.