पाण्यावरचा धीर

पाण्यावरून ड्रोन उडवायला धीर कसा यावा, हा या लेखाचा विषय आहे. व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपैकी काहींना तो पोरांच्या हौसेचा वाटेल आणि कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने त्यात का पडावे, असाही प्रश्न पडेल. परंतु कर्जत-खालापूरच्या नदीकाठांवर जी शेतघरे आणि रिसॉर्टे उभी राहिली, त्यांच्याबरोबर आपल्या गावांतील तरुणांना एक नवा धंदा मिळाला आहे. लग्न, साखरपुडा, लग्नाआधीचे चित्रीकरण, जागा विकणाऱ्यांच्या जाहिराती, या सर्वांना वरून घेतलेली दृश्ये लागतात. गिऱ्हाईकाला त्यातही हवे असते ते पाणीच. उल्हासचे वळण, पेजचा काठ, पाताळगंगेचा डोह, पावसाळ्यात कड्यावरून पडणारा धबधबा. म्हणजे ज्या जागी यंत्र गमावण्याची भीती सर्वांत जास्त, नेमक्या त्याच जागी या मुलाने पोट भरायचे असते. हा हौसेचा प्रश्न राहिला नाही. तो कामाचा आणि रोजगाराचा प्रश्न झाला आहे.

मैदानावर सफाईने यंत्र फिरवणारा मुलगा काठावर येताच बिचकतो. जमिनीवर यंत्र पडले तर पाते मोडेल, फार तर कॅमेरा जाईल. पाण्यात पडले तर बहुधा सारेच जाते. मित्र म्हणतात, “घाल रे पुढे, काही होत नाही!” या सल्ल्याला धीर म्हणत नाहीत. कारखान्यातही नवख्या पोराला यंत्रावर असेच ढकलणारे लोक असतात आणि बोटे मात्र त्या पोराचीच जातात. माझ्या मते या भीतीची दोन मुळे आहेत. यंत्र पाण्यावर कसे वागते हे ठाऊक नसणे, हे पहिले. आणि ते बुडाले तर भरपाई आपल्या गळ्यात पडणार, हे दुसरे. पहिले मूळ ज्ञानाने आणि सरावाने निघते. दुसरे सरावाने निघत नाही, त्याला करार लागतो. दोन्ही निघाल्याखेरीज खरा आत्मविश्वास येत नाही.

प्रथम ज्ञानाकडे वळू. ड्रोन हवेत एका जागी स्थिर उभा राहतो, तो काही जादूने नव्हे. त्याला जणू दोन डोळे असतात. एक आकाशाकडे लागलेला: उपग्रहांचे संदेश घेऊन तो आपले स्थान ठरवतो. दुसरा जमिनीकडे लागलेला: यंत्राच्या पोटाशी असलेला लहान कॅमेरा खालचे दगड, गवत, भेगा पाहतो आणि त्या सरकल्या तर आपण सरकलो असे समजून यंत्राला जागेवर आणतो. त्याच्या जोडीला पुष्कळ यंत्रांत खालचे अंतर मोजणारा संवेदक असतो. जमिनीवर, मोकळ्या आकाशाखाली, हे दोन्ही डोळे एकमेकांची साक्ष देतात.

पाण्यावर खालचा डोळा फसतो. शांत पाण्यावर खुणेला धरण्यासारखे काही नसते, दिसते ते ढगांचे प्रतिबिंब. वाहत्या पाण्यात खुणा असतात पण त्याच पळत असतात, त्यामुळे जागेवर उभे असलेले यंत्र ‘मी वाहवत चाललो’ असे समजू शकते आणि प्रवाहाबरोबर सरकू लागते. अंतर मोजणाऱ्या संवेदकालाही लकाकता पृष्ठभाग चुकीचे उत्तर देतो. शिवाय फार खाली गेल्यास पात्यांचा वारा पाणी घुसळतो आणि तुषार मोटारींवर उडतात. म्हणून बनवणारे लोकच आपल्या माहितीपुस्तिकांत पाण्यावर खालून उडवू नका असे बजावतात. साधा नियम असा धरावा की, शिकाऊ माणसाने पाण्यापासून निदान वीस-पंचवीस फूट वर राहावे. तेवढ्या उंचीवर खालच्या डोळ्याचे महत्त्व कमी होते आणि चूक झाली तरी सावरायला अवधी मिळतो.

खालचा डोळा फसला तरी वरचा असतो, म्हणून मोकळ्या तलावावर यंत्र बहुधा शहाण्यासारखे वागते. खरा धोका आपल्या सह्याद्रीच्या घळीत आहे. धबधब्याच्या कुशीत तीन बाजूंनी कडा उभा असतो आणि आकाशाची एक फाक तेवढी दिसते. उपग्रह कड्याआड जातात. खाली फेसाळ पाणी. अशा जागी दोन्ही डोळे एकदम जातात आणि यंत्र वाऱ्यावर सोडलेल्या पतंगासारखे सरकू लागते. त्यातच कड्याला आपटून वर चढणारा वारा असतो. तेव्हा तलावावर जमले म्हणून धबधब्यावर जमेल, हा हिशेब खोटा आहे. घळीबाहेर, मोकळ्या आकाशाखाली राहून धबधबा दुरून टिपावा, यात कमीपणा मुळीच नाही.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, पडद्यावर दिसणारी उंची बहुधा उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते, पाण्यापासून नव्हे. उंच दरडीवरून उडवून यंत्र खाली नदीवर नेले तर आकडा शून्याच्याही खाली जाईल. उलट नदीच्या उगमाकडे जावे तसतसे पात्र आणि डोंगर वर चढत येतात, आकडा मात्र तोच राहतो. दोन, बॅटरी. पाण्यावर झाडे-घरे नसल्याने वारा अडत नाही. जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तो छातीवर असतो आणि परतीला दुप्पट शक्ती लागू शकते. बॅटरी अगदीच संपत आली की बरीच यंत्रे असतील तेथेच खाली उतरू लागतात. खाली पाणी आहे याची त्यांना पर्वा नसते. म्हणून निम्मी बॅटरी शिल्लक असतानाच तोंड काठाकडे वळवावे. तीन, संपर्क तुटल्यास यंत्र ज्या ठिकाणी आपोआप परत येते ते ठिकाण काठावरचे पक्के आहे ना, आणि परतीची उंची काठावरच्या झाडांहून व विजेच्या तारांहून अधिक आहे ना, हे उडवण्यापूर्वी पाहावे. नावेतून उडवणाऱ्याने तर जास्तच जपावे. नाव पुढे सरकलेली असते आणि यंत्र बिचारे जुन्या जागी, म्हणजे पाण्यात, उतरायला येते.

यंत्राचा डोळा फसतो तसा माणसाचाही फसतो. आरशासारख्या पाण्यावर उंचीचा अंदाज लागत नाही, ही तक्रार ड्रोनपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १९३८ च्या सुमारास इंपिरिअल एअरवेजच्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानबोटी राजस्थानातील राजसमंद तलावावर उतरत असत. अशी विमाने चालवणाऱ्या वैमानिकांना शिकवण असे की, निश्चल पाण्यावर उतरताना डोळ्यांनी उंची जोखू नये. काठाची खूण नजरेत ठेवावी आणि संथ, ठरलेल्या गतीने खाली यावे. कसलेले वैमानिक जर आपल्या डोळ्यांवर विसंबत नव्हते, तर आपल्या पोराने काठावरच्या झाडाची खूण धरली म्हणून त्याला भित्रा कोणी म्हणावे?

आता सरावाकडे येऊ. पाण्यावरचा सराव पाण्यावर सुरू करूच नये. गावच्या मैदानात फक्की घेऊन तळ्याएवढा चौकोन आखावा आणि त्या रेषेच्या आत पाणी आहे असे मानावे. काठावर उभे राहून त्यावरून यंत्र न्यावे, थांबवावे, वळवावे, परत आणावे. यंत्राचे तोंड आपल्याकडे असले की डावे-उजवे उलटे होते. काठावर घोटाळा होतो तो बहुधा येथेच, म्हणून हा भाग हाताला बसेपर्यंत करावा. ‘पाण्यात’ एकदाही न उतरवता ओळीने दहा फेऱ्या झाल्या म्हणजे खऱ्या पाण्याकडे जावे. तेथेही पहिल्या दिवशी काठापासून दहा पावले आत आणि परत. दुसऱ्या दिवशी वीस. वारा पडलेला असतो म्हणून सकाळची वेळ धरावी. ही रीत कंटाळवाणी आहे खरी. परंतु फिटर काय, वेल्डर काय, कोणाचाही हात एका दिवसात तयार झालेला मी पाहिला नाही. आत्मविश्वास म्हणजे, मागच्या वेळी जमले होते याची हाताला राहिलेली आठवण. ती उसनी मिळत नाही.

एकट्याने जाऊ नये. एकाने पडदा पाहावा आणि दुसऱ्याने यंत्र, पक्षी, तारा आणि काठावरची माणसे यांच्यावर नजर ठेवावी. आपल्या नद्यांबाबत एक इशारा वेगळा दिला पाहिजे. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांतून उतरलेले पाणी वीज देऊन खोपोलीस पाताळगंगेला आणि भिवपुरीकडे पेज नदीला मिळते. म्हणूनच या नद्या भर उन्हाळ्यातही वाहतात. परंतु वीजगृहातून पाणी सुटले की त्यांची पातळी वाढते. पडद्यात डोके घालून पात्रातल्या खडकावर उभ्या असलेल्या मुलाला ते कळणार नाही. यंत्र गेले तर दुसरे येईल, म्हणून चालकाने पात्रात नव्हे तर काठावर उभे राहावे.

कायद्याचेही भान हवे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग केले आणि त्यांचा नकाशा सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या व्यवस्थेवर ठेवला. यंत्राची नोंद करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. या नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही, आणि दोन किलोपर्यंतच्या यंत्राला ते केवळ हौसेसाठी उडवत असाल तर लागत नाही. मात्र अर्धा-पाऊण किलोचे यंत्र पैसे घेऊन लग्नात उडवणाऱ्याला ते लागते. धरणे आणि वीजगृहे यांच्याजवळ तर विचारल्याशिवाय जाऊच नये. मोरबे धरण खालापूर तालुक्यात असले तरी ते नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे आहे आणि त्यातले पाणी लाखो लोक पितात. परवानगी हाती असली की चालकाचा निम्मा धाक आपोआप जातो. चोरून काम करणाऱ्याचा हात स्थिर कसा राहील?

आता भीतीचे दुसरे मूळ. चित्रीकरणाचा धंदा चालवणारा मालक यंत्र विकत घेतो, मुलाला दिवसाच्या मजुरीवर बोलावतो आणि गिऱ्हाईकाच्या हट्टापायी म्हणतो, “अजून खाली घे, पाण्याला चिकटून.” यंत्र बुडते आणि मुलाच्या सहा महिन्यांच्या कमाईवर पाणी फिरते. हुकूम एकाचा, तोटा दुसऱ्याचा! १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने यावर एक मर्यादा घातली होती. नोकराच्या ताब्यात दिलेल्या वस्तूचे नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे झाले असेल तरच मजुरीतून कपात करता येते, तीही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर आणि प्रत्यक्ष नुकसानीहून अधिक नाही. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिनेही हे तत्त्व राखले असून एकूण कपात मजुरीच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये, असे म्हटले आहे. मालकाच्या सांगण्यावरून पाण्याला चिकटवलेले यंत्र बुडाले तर ती मुलाची हयगय कशी ठरेल?

परंतु पुष्कळ मुलांना नोकर न म्हणता ‘आपले काम आपण करणारा’ म्हटले जाते आणि मग कायद्याचे हे छत्र डोक्यावरून सरकते. अशा वेळी एक साधा कागद कामी येतो. यंत्र कोणाचे, पाण्यावर उडवायला कोणी सांगितले, बुडाल्यास तोटा कोणाचा, आणि वारा अथवा जागा पाहून ‘नाही’ म्हणण्याचा अंतिम अधिकार चालकाचा, या चार ओळी दोघांनी सह्या करून ठेवाव्यात. विम्याबद्दलही गैरसमज नसावा. लहान यंत्रे सोडून इतरांना नियमाने जो विमा लागतो, तो दुसऱ्याच्या नुकसानीचा. स्वतःच्या यंत्राचा विमा वेगळा काढावा लागतो. चार-पाच चालकांनी एकत्र येऊन एकाच दराने आणि एकाच अटीवर काम घ्यायचे ठरवले, तर हा कागद पुढे करायला कोणालाच संकोच वाटणार नाही. एकट्याने मागितले की तो हट्ट वाटतो. पाचांनी मागितले की ती रीत होते.

या कौशल्याचा उपयोग केवळ लग्नाच्या चित्रापुरता नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी सुखरूप बाहेर काढावे लागले. त्या दिवशी नौदलाची हेलिकॉप्टरेही निघाली होती. हवेत हेलिकॉप्टर असताना खासगी ड्रोन वर नेणे म्हणजे मदतीच्या वाटेत धोंडा टाकणे होय, हे प्रत्येक चालकाने पक्के लक्षात ठेवावे. परंतु पाऊस थांबल्यावर, तहसीलदारांनी बोलावले तर, कोणत्या वाडीची वाट तुटली आणि कोणता साकव वाहून गेला हे पाण्यावरून पाहून सांगणारा शांत हाताचा माणूस गावाला मोलाचा वाटेल. तो हात पुराच्या दिवशी तयार होत नाही. तो हिवाळ्यात, फक्कीने आखलेल्या मैदानावर तयार होतो.

तेव्हा आपल्या घरचा मुलगा काठावर उभा राहून “आज वारा आहे, नको” म्हणाला, तर त्याला हसू नये. यंत्राला काय दिसते आणि काय दिसत नाही हे त्याला कळले आहे आणि आपला हक्कही कळला आहे. पाण्यावर जाण्याचा धीर अशाच मुलाच्या अंगी येतो.