जर्मन सेनाधिकाऱ्याची कारकीर्द आणि पदके : नोंदींचा शोध

१९१८ पर्यंत जर्मन साम्राज्याचे सैन्य एकसंध नव्हते. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि वुर्टेंबर्ग या चार राज्यांची सैन्ये युद्धकाळात कैसरच्या हुकमाखाली लढत. अधिकाऱ्यांच्या नेमणुका, शौर्यपदके आणि सेवेची कागदपत्रे मात्र ज्याच्या त्याच्या राज्याकडे राहत. म्हणून जर्मन अधिकाऱ्याच्या लष्करी कारकिर्दीचा शोध घेताना पहिला प्रश्न पडतो तो राज्याचा : हा माणूस कोणत्या राजाच्या सैन्यात भरती झाला?

या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे जवळजवळ सगळे अवलंबून असते. १४ एप्रिल १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी पोट्सडामवर बॉम्बहल्ला केला आणि तिथले लष्करी दफ्तरखाने जळाले. प्रशियाच्या सैन्याचे वैयक्तिक सेवाकागद, युद्धरोजनिश्या आणि हुकूम यांचा बहुतांश साठा त्या आगीत गेला. चारही सैन्यांत प्रशियाचे सैन्य सर्वांत मोठे होते, त्यामुळे ही हानी भरून निघण्यासारखी नाही. बव्हेरियाचे कागद म्युनिकच्या युद्धदफ्तरात, सॅक्सनीचे ड्रेस्डेनमध्ये आणि वुर्टेंबर्गचे स्टुटगार्टमध्ये असल्यामुळे वाचले. नौदलाचे दफ्तर युद्धकाळात टांबाख इथे हलवले होते. ते ब्रिटिशांच्या हाती लागले आणि म्हणून टिकले.

पुढे फील्ड मार्शल झालेल्या एर्विन रोमेल या जर्मन अधिकाऱ्याचे उदाहरण या शोधासाठी सोयीचे आहे. त्याचा जन्म १५ नोव्हेंबर १८९१ रोजी वुर्टेंबर्गमधील हायडेनहाइम इथे झाला. जुलै १९१० मध्ये तो वाइनगार्टन इथल्या १२४ व्या पायदळ रेजिमेंटमध्ये दाखल झाला आणि जानेवारी १९१२ मध्ये लेफ्टनंट झाला. त्यामुळे त्याच्या सुरुवातीच्या वर्षांचा माग स्टुटगार्टमध्ये काढता येतो. प्रशियाच्या एखाद्या रेजिमेंटमधल्या त्याच्या समवयस्काच्या बाबतीत तेवढ्याच वर्षांसाठी छापील साधनांवर भागवावे लागते.

ही छापील साधने कमी दर्जाची नाहीत. प्रशियाच्या सैन्याची ‘रांगलिस्ट’ दरवर्षी प्रसिद्ध होई. तीत रेजिमेंटनिहाय प्रत्येक अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि मिळालेल्या पदकांच्या खुणा असत. १८१६ पासून निघणाऱ्या ‘मिलिटेर-वोखेनब्लाट’ या साप्ताहिकात नेमणुका, बदल्या आणि बढत्या छापल्या जात. पहिल्या महायुद्धात ऑगस्ट १९१४ पासून मृत, जखमी आणि बेपत्ता सैनिकांच्या याद्या सरकारने प्रसिद्ध केल्या. एखाद्याला किती वेळा आणि साधारण केव्हा जखम झाली, हे त्यांवरून कळू शकते. शांतताकाळात रेजिमेंटांनी स्वतःचे इतिहास लिहिले, त्यांत शेवटी अधिकाऱ्यांची यादी जोडलेली असते. या चार साधनांत एकच नाव ओळीने सापडले की कारकिर्दीचा सांगाडा उभा राहतो.

या सांगाड्यातील तारखा जपून वाचाव्या लागतात. जर्मन सैन्यात बढतीचा हुकूम निघाल्याची तारीख आणि सेवाज्येष्ठता जिथून मोजली जाई ती तारीख पुष्कळदा वेगळी असे. रोमेलला मेजर जनरलची बढती ऑगस्ट १९३९ मध्ये मिळाली, पण तिची ज्येष्ठता १ जूनपासून धरली गेली. दोन चांगल्या ग्रंथांत दोन तारखा दिसल्या, तर दोन्ही बरोबर असण्याची शक्यता असते. बढत्यांमधल्या लांब अंतरालाही कारण असते. रोमेल ऑक्टोबर १९१८ मध्ये कॅप्टन झाला आणि मेजर व्हायला त्याला जवळजवळ चौदा वर्षे लागली. त्यात त्याच्या कामगिरीचा दोष नव्हता. व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाख माणसांवर आणि चार हजार अधिकाऱ्यांवर आणून ठेवले होते, वरच्या जागा रिकाम्याच होत नव्हत्या.

पदकांचा अभ्यास याहून गुंतागुंतीचा आहे. आयर्न क्रॉसची स्थापना प्रशियाच्या तिसऱ्या फ्रीडरिख विल्हेल्मने १८१३ मध्ये केली आणि १८७०, १९१४ व १९३९ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले, म्हणून पदकावरचे साल आधी पाहावे. पहिल्या महायुद्धात दुसऱ्या श्रेणीचा आयर्न क्रॉस सुमारे पन्नास लाख लोकांना मिळाला. तो एकट्याने फारसे काही सांगत नाही. त्याच युद्धात ‘पूर ल मेरित’ हा प्रशियाचा सर्वोच्च लष्करी सन्मान फक्त ६८७ जणांना मिळाला. याशिवाय प्रत्येक राज्याची आपली पदके होती. बव्हेरियाचा माक्स योझेफ लष्करी सन्मान मिळालेल्या सामान्य घरातल्या अधिकाऱ्याला ‘रिटर फॉन’ ही उमरावी मिळे आणि त्याचे नावच बदले. हे माहीत नसेल, तर एकच माणूस दोन वेगळ्या व्यक्ती म्हणून नोंदवला जातो. १९१८ मध्ये सुरू झालेल्या जखमीपदकाच्या काळ्या, रुपेरी आणि सोनेरी अशा तीन श्रेणी होत्या. रुपेरी पदक तीन किंवा चार जखमांसाठी असे.

पदक मिळाल्याची नोंद खरी असूनही त्यामागचे कारण वादग्रस्त असू शकते, याचा नमुना मातायूरच्या डोंगरावर मिळतो. ऑक्टोबर १९१७ मध्ये इसोंझो नदीच्या आघाडीवर जर्मन आणि ऑस्ट्रियन सैन्याने इटलीवर मोठा हल्ला चढवला. मातायूर शिखर प्रथम घेणाऱ्या अधिकाऱ्याला पूर ल मेरित देण्याचे चौदाव्या सैन्याचा सेनापती ओटो फॉन बेलो याने कबूल केले होते. वुर्टेंबर्गच्या पर्वतीय बटालियनमधील तुकड्या घेऊन रोमेल २६ ऑक्टोबरला त्या शिखरावर पोहोचला. दोन दिवसांहून थोड्या अधिक काळात त्याच्या तुकड्यांनी सुमारे नऊ हजार इटालियन सैनिक कैद केले. तरी शिखराचे श्रेय आधी लेफ्टनंट वाल्टर श्नीबरला मिळाले. त्याने दुसरेच शिखर मातायूर समजून घेतले होते. त्याच लढाईत कोलोव्राट डोंगररांगेवरील एका महत्त्वाच्या टेकडीसाठी बव्हेरियाच्या फेर्डिनांड शोर्नरलाही हा सन्मान मिळाला. रोमेलने तक्रार केली. अखेर डिसेंबर १९१७ मध्ये त्याला आणि त्याचा बटालियनप्रमुख मेजर स्प्रोसर याला पूर ल मेरित देण्यात आले. या प्रकरणात पदकांची यादी सर्वांची नावे बरोबर देते, शिखरावर कोण पोहोचले ते मात्र सांगत नाही. ते कळायला लढाईचे अहवाल आणि नकाशे लागतात. रोमेलचे स्वतःचे १९३७ मधील पुस्तकही एका बाजूची साक्ष म्हणूनच वाचावे.

जुने छायाचित्र हाही पुरावा आहे. १९१४ पर्यंतच्या आयर्न क्रॉसची लढवय्यांची फीत काळी आणि कडांजवळ पांढऱ्या पट्ट्यांची असे, बिनलढाऊ सेवेसाठीची फीत याच्या उलट. १९१४ चा क्रॉस असलेल्याला दुसऱ्या महायुद्धात तोच सन्मान पुन्हा मिळाला, तर १९३९ हे साल असलेली जोडपट्टी दिली जाई. छातीवर ती दिसली की माणसाने दोन्ही युद्धे पाहिली हे नक्की. विक्रीला आलेली पदके आणि सन्मानपत्रे मात्र पुरावा म्हणून धरू नयेत. जर्मन पदकांना संग्राहकांकडून मोठी मागणी असल्यामुळे बनावट वस्तूंचा सुळसुळाट आहे.

१९१९ नंतरच्या लष्करी अधिकाऱ्यांचे उरलेले सेवाकागद, त्यांतील वरिष्ठांचे गोपनीय अहवाल धरून, फ्रायबुर्गच्या संघीय लष्करी दफ्तरात आहेत. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या बर्लिनच्या माहिती कार्यालयाकडे ओळखबिल्ले, जखमा, मृत्यू आणि युद्धकैद यांच्या लाखो नोंदी होत्या. ते कार्यालय १ जानेवारी २०१९ पासून संघीय दफ्तरखान्यात विलीन झाले आहे. नाझी पक्षाची सदस्यपत्रे आणि एसएस अधिकाऱ्यांची कागदपत्रे अमेरिकेने जपून ठेवली आणि १९९४ मध्ये जर्मनीला परत केली. हे कागद पाहिल्याशिवाय त्या काळातल्या कुणाचेही चरित्र पूर्ण मानू नये, कारण पदक शौर्याबद्दल असते, वर्तनाबद्दल नव्हे. एक खबरदारी हवी : १९३५ च्या कायद्याने सेवेतील सैनिकाचे पक्षसदस्यत्व स्थगित होई. रोमेल पक्षाचा सदस्य नव्हता एवढ्यावरून हिटलरशी त्याचे नाते ठरत नाही. १९३९ च्या पोलंड मोहिमेत हिटलरच्या मुख्यालयाच्या संरक्षणदलाचा प्रमुख तोच होता.

शत्रूचे कागद ही उलटतपासणीची सर्वांत चांगली जागा, आणि इथे महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. २० जून १९४२ रोजी रोमेलने लिबियातील टोब्रुकवर निर्णायक हल्ला केला, तेव्हा आग्नेयेकडील ज्या तटबंदीवर घाव बसला ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनकडे होती. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडले, तीस हजारांहून अधिक सैनिक कैद झाले आणि २२ जूनला रोमेल फील्ड मार्शल झाला. जर्मन नोंदींत हा दिवस बढतीच्या एका ओळीत मावतो. तटबंदी कशी फुटली, हे समजण्यासाठी लंडनच्या राष्ट्रीय दफ्तरातील ब्रिटिश व भारतीय तुकड्यांच्या युद्धरोजनिश्याही शेजारी ठेवाव्या लागतात.

सरकारी नोंद जाणूनबुजून खोटी असू शकते, हे रोमेलच्या शेवटच्या नोंदीत दिसते. १७ जुलै १९४४ रोजी नॉर्मंडीत विमानहल्ल्यात तो जबर जखमी झाला. त्याच जखमांनी तो गेला असे ऑक्टोबरमध्ये जाहीर करण्यात आले आणि १८ ऑक्टोबरला उल्ममध्ये सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला. प्रत्यक्षात हिटलरविरोधी कटाशी संबंध असल्याच्या संशयावरून १४ ऑक्टोबरला त्याला विष घ्यायला भाग पाडले होते. मुलगा मान्फ्रेड याने एप्रिल १९४५ मध्ये दिलेल्या जबानीतून हे बाहेर आले.

आज असा शोध घेणाऱ्याने संघीय दफ्तरखान्याकडे लेखी अर्ज करताना पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव द्यावे. नुसत्या आडनावावर उपयुक्त उत्तर येत नाही, कारण म्युलर किंवा श्मिट नावाचे अधिकारी शेकड्यांनी होते. जन्मतारीख ठाऊक नसेल, तर आधी रेजिमेंटचा इतिहास आणि रांगलिस्ट चाळावी. हाताने लिहिलेले जुने कागद ‘कुरेंट’ लिपीत असतात. ती वाचायला शिकल्याशिवाय १९१८ पूर्वीच्या मूळ नोंदींपर्यंत पोहोचता येत नाही.