सकाळची साखर आणि रात्रीचे तीन

मधुमेही रुग्णाची उपाशीपोटीची साखर वाढलेली दिसली, की रात्रीच्या इन्सुलिनची मात्रा वाढवावी, असा संकेत रूढ आहे. तो बहुतांशी योग्यही आहे. परंतु महाड-पोलादपूर परिसरातील एका अनुभवाने त्यावर डोळे मिटून विसंबू नये, असे आम्हांस वाटू लागले. तो अनुभव वैद्यबंधूंपुढे ठेवीत आहोत.

पोलादपूर तालुक्यातील डोंगरवाडीतले साठीचे शेतकरी. सायंकाळी साडेसातला जेवण, त्याआधी एन.पी.एच. इन्सुलिन. सकाळची साखर १९० ते २१०. त्यांच्या डॉक्टरांनी मात्रा १४ युनिटवरून १८ वर नेली. आम्हीही गुडमार चूर्णाची भर घातली. साखर उतरेना. भातलावणीच्या दिवसांत त्यांच्या पत्नी सहज बोलून गेल्या, "रात्री यांना दरदरून घाम सुटतो, काहीबाही बोलतात. गूळपाणी पाजलं, की शांत झोपतात." हा प्रश्न आम्ही पहिल्याच भेटीत विचारावयास हवा होता. आमचा ग्लुकोमीटर देऊन रात्री तीनला साखर पाहण्यास सांगितले. आकडा आला ५८!

एन.पी.एच.चा जोर साधारणतः चार ते दहा तासांत असतो. सायंकाळी घेतलेले इन्सुलिन मध्यरात्रीनंतर साखर खाली ओढते व पहाटे ओसरते. त्यात गूळपाण्याची भर. डॉक्टरांशी बोलल्यावर त्यांनी मात्रा पुन्हा १४ केली व वेळ रात्री दहाची ठरविली. गुडमार आम्ही थांबविले. पंधरवड्यानंतर तीनची साखर ११२, सकाळची १२८.

रात्री साखर उतरल्याची प्रतिक्रिया म्हणून सकाळी ती वाढते, हे सोमोजी यांचे मत जुन्या ग्रंथांत आढळते. अखंड मापन करणाऱ्या उपकरणांनी मात्र दाखविले, की रात्री साखर उतरलेल्यांची सकाळची साखर बहुधा कमीच असते. सकाळच्या वाढीचे अधिक नेहमीचे कारण म्हणजे पहाटे वाढणारी ग्रोथ हॉर्मोन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके. म्हणून तर्क न करता मोजावे: निजताना, तीनला व उठल्यावर, अशा दोन-तीन रात्री.

तीनची साखर ठीक आणि सकाळची १३० च्या वर असेल, तर डॉक्टर दर तीन दिवसांनी दोन युनिट वाढवितात. ७० च्या खाली आकडा आल्यास व अन्य कारण न सापडल्यास मात्रा दहा ते वीस टक्के कमी होते. निजतानाच २२० असून रात्रभर तेवढीच राहिली, तर दोष रात्रीच्या भाताचा. तो दीर्घकालिक इन्सुलिनने झाकू नये. आणि निजताना १८०, सकाळी ११० असा उतार असेल, तर सकाळचा आकडा सुंदर दिसला तरी मात्रा जास्त झाली असावी. वजनाच्या दर किलोस अर्ध्या युनिटपलीकडे मात्रा गेली असता वाढविण्यापूर्वी पुनर्विचार व्हावा.

औषध विक्रेत्यांनाही एक विनंती. आपल्याकडील बहुतेक कुप्या ४० युनिटच्या, पेनमधील इन्सुलिन १०० युनिटचे. ४० च्या कुपीसोबत लाल टोपणाचीच सिरिंज द्यावी. नारिंगी टोपणाची गेली, तर रुग्णास निम्म्याहूनही कमी मात्रा मिळते व सकाळची साखर वाढते. जुलै २०२१ च्या महापुरात महाडला वीज नव्हती, तेव्हा शीतपेटीतील इन्सुलिनचे काय झाले असेल, हे आपण जाणताच. मात्रा वाढविण्यापूर्वी कुपीही पाहावी.

इन्सुलिनची मात्रा त्या डॉक्टरांनीच बदलावी. मात्र मेथी, कारले, गुडमार आपण देतो, तेव्हा ते त्यांना कळविणे व रात्रीच्या घामाविषयी घरच्यांना विचारणे, हे आपलेच काम होय.