दोन क्विंटलची गाडी आणि पायवाट

(द्वितीय वर्ष, कला)

लांबचा प्रवास आणि कच्चा रस्ता या दोहोंना पुरी पडावी म्हणून जी उंच, दणकट मोटारसायकल बनवतात तिला 'ॲडव्हेंचर' मोटारसायकल असे म्हणतात. १९८० साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने काढलेली 'आर ८० जी/एस' ही या जातीची आद्य गाडी मानली जाते. १९८१ मध्ये ह्युबेर ओरिओल या फ्रेंच स्वाराने तिच्याच शर्यतीसाठी सुधारलेल्या गाडीवर पॅरिस-डाकार शर्यत जिंकली. आपल्याकडे रॉयल एनफिल्डची 'हिमालयन' २०१६ साली आली. २०२३ च्या अखेरीस आलेल्या तिच्या नव्या गाडीचे इंजिन ४५२ सीसीचे असून वजन १९६ किलो आहे. म्हणजे ज्वारीची भरलेली दोन पोतीच!

परंतु वाळवंट निराळे आणि डोंगरातली पायवाट निराळी. मोकळ्या मैदानात वेग असतो, आणि वेगात गाडी आपोआप सावरते. अरुंद वाटेवर वेग घेता येत नाही. तेथे तोल हँडल, क्लच आणि अंग यांनीच राखावा लागतो. गाडी सरळ उभी असेल तर सारे वजन चाकांवर असते, हातावर काहीच येत नाही. कलू लागली की हिशेब बदलतो. दहा अंश कललेल्या गाडीला धरायला जेवढा जोर लागतो, त्याच्या जवळजवळ तिप्पट जोर तीस अंशांवर लागतो. म्हणून जड गाडी ताकदीने धरून ठेवता येत नाही, ती कलण्याआधीच सांभाळावी लागते.

यासाठी जाणकार स्वार पहिल्या गिअरमध्ये, अर्धवट दाबलेल्या क्लचवर आणि मागच्या ब्रेकच्या हलक्या दाबावर गाडी चालवतो. खडबडीत जागी तो फूटरेस्टवर उभा राहतो, त्यामुळे गाडी खाली डुलली तरी अंग तिच्याबरोबर फेकले जात नाही. आवळ वळणावर गाडी आत कलवून स्वतःचे अंग तो बाहेरच्या बाजूला ठेवतो. हँडल वळलेले असताना निसरड्यावर पुढचा ब्रेक दाबला तर पुढचे चाक घसरते आणि गाडी पडते. उतारावर क्लच सोडून इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. नजर दगडावर न ठेवता वळणाच्या शेवटाकडे ठेवावी, कारण नजर जाते तिकडेच गाडी जाते.

हा केवळ हौशी लोकांचा विषय नाही. आमच्या वाडीपर्यंत डांबरी रस्ता पोचलेला नाही. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवलेली शंभर सीसीची साधी गाडी त्या पायवाटेवर 'हिमालयन'इतकीच अवघड होते. आमचे दूधवाले काका पावसाळ्यात वळणावर पुढच्या ब्रेकला बोट लावत नाहीत. का, ते त्यांना सांगता येत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे या 'का'चे उत्तर मला पुस्तकात शोधता आले, पण ती विद्या त्यांच्या हातात आधीपासूनच होती. आणि ती हवीच, कारण पडलेल्या गाडीखाली ज्याचा पाय सापडतो, तो बहुधा घरातला कमावता माणूस असतो.

गाडी पडू लागली तर पाय घालून ती अडवू नये, सोडून बाजूला व्हावे. थांबावे लागले तर पाय चढाच्या बाजूला टेकावा, दरीच्या बाजूला नव्हे. पडलेली गाडी उचलताना आधी इंजिन बंद करावे, मग तिच्याकडे पाठ करून सीटला टेकावे आणि कमरेऐवजी मांड्यांच्या जोरावर मागे ढकलत उभे राहावे.

अनोळखी वाट असेल तर प्रथम उतरून ती पायी चालून पाहावी. सोबतीशिवाय जाऊ नये. आणि परत फिरायचे झाल्यास गाडी वळवायला जागा आहे तोवरच फिरावे, कारण अरुंद वाटेवर पुढे ती जागा मिळेलच असे नाही.