पुढची चाके का थरथरतात?

गोफणीत दगड घालून ती फिरवली, की हाताला ओढ बसते. वेग दुप्पट केला तर ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते! मोटारीची पुढची चाके हमरस्त्यावर का थरथरतात, याचे मर्म इथेच आहे.

अमेरिकेत जुन्या गाडीचे इंजिन जोरकस करून ती भरधाव पळवण्याची हौस फार. अशा गाडीला ‘हॉट रॉड’ म्हणतात. १९३२ ची फोर्ड ही त्यांची विशेष लाडकी. सांगाडा जुना, वेग मात्र नवा! मग ताशी ९०-१०० किलोमीटरला स्टिअरिंग थरथरू लागते. अशा वेळी घाईने सुटे भाग बदलू नयेत. आधी गाडीचीच उलटतपासणी घ्यावी.

थरथर कुठे जाणवते? हातात, तर संशय पुढच्या चाकांवर. बैठकीखाली, तर बहुधा मागच्या चाकांवर.

ती केव्हा येते? ठरावीक वेगाला येऊन पुढे ओसरत असेल, तर चाकाचा तोल पाहावा. रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक असला, तरी ताशी ९६ किलोमीटरला तो सेकंदाला सुमारे १३ वेळा, ४ किलोंच्या जोराने चाकाला हिसका देतो. ४८ ला हाच हिसका १ किलोचा. म्हणून गावात काहीच कळत नाही. फक्त ब्रेक दाबताना थरथर येत असेल, तर ड्रम किंवा डिस्क तपासावी. खड्डा लागताच चाके डावी-उजवी फडफडू लागली, तर दोष बहुधा किंगपिनमध्ये, टाय रॉडच्या सांध्यात किंवा कॅस्टरच्या कोनात असतो.

आता जॅक लावून, खाली भक्कम ठोकळा देऊन चाक उचला. टायरजवळ खडू स्थिर धरून चाक फिरवा. खडू एकाच जागी घासला, तर चाक किंवा टायर वाकडा. मग चाक वर-खाली धरून हलवा: बेअरिंग किंवा किंगपिन ढिले असल्यास कळेल. डावी-उजवीकडे हलवा: टाय रॉडची झीज कळेल.

काही जण नुसता स्टिअरिंग डॅम्पर बसवून मोकळे होतात. हे म्हणजे दुखणे न शोधता तापाची गोळी घेणे! थरथर दबते, पण झिजलेला सांधा झिजतच राहतो, आणि भर वेगात निखळला तर स्टिअरिंग हाती असून नसल्यासारखे.

आपल्याकडच्या जुन्या जीपचा पुढचा आसही असाच अखंड. तेव्हा ही तपासणी तिलाही लागू आहे बरे!