घरबसल्या खरेदी आणि क्रेडिट कार्डाची सुरक्षितता

पुस्तके, औषधे, शेतीची लहानमोठी अवजारे, रेल्वेची तिकिटे अशा अनेक गोष्टी आता इंटरनेटवरून घरबसल्या मागविता येतात. तालुक्याच्या बाजारात न मिळणारी वस्तू चार दिवसांत दारात येऊ लागल्यामुळे ग्रामीण भागातही या खरेदीचा प्रसार झाला आहे. तथापि, पैसे भरण्याची वेळ आली की अनेकजण कचरतात. कार्डाचा क्रमांक एकदा दिला की सर्व पुंजी जाईल, अशी धास्ती त्यांना वाटते. ही धास्ती सर्वस्वी निराधार नाही. परंतु धोका नेमका कोठे आहे, याविषयी मात्र बराच गैरसमज आढळतो.

दुकानात खरेदी करताना कार्ड प्रत्यक्ष यंत्रात घालावे लागते. इंटरनेटवर कार्ड हजर नसते. हजर असतात ते केवळ आकडे. बहुतेक कार्डांवरील १६ आकडी क्रमांक, मुदत संपण्याचा महिना व वर्ष आणि मागील बाजूचा तीन आकडी सीव्हीव्ही, एवढे ज्याच्या हाती लागले, त्याच्या हाती जणू कार्डच लागले. ही उणीव ओळखून भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये आदेश काढला आणि १ ऑगस्ट २००९ पासून अशा व्यवहारांसाठी दुसरी पडताळणी आवश्यक केली. मोबाईलवर येणारा ओटीपी हे या पडताळणीचे आज सर्वांच्या परिचयाचे रूप होय. त्यामुळे देशातील विक्रेत्याकडे केवळ चोरलेल्या आकड्यांवर खरेदी करणे अवघड झाले. परदेशातील अनेक विक्रेते मात्र ओटीपीवाचूनही रक्कम स्वीकारतात. म्हणून जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने असे ठरविले की, नवे कार्ड देशातील एटीएम व दुकानांतील यंत्रे यांपुरतेच चालू करून द्यावे. इंटरनेटवरील आणि परदेशी वापराची सोय ग्राहकाने मागितल्यावरच सुरू करावी. ही सोय केव्हाही बंद करता येते व खर्चाची मर्यादाही घालता येते. ज्याला परदेशी व्यवहाराचे कारण पडत नाही, त्याने ती सोय बंद ठेवलेलीच बरी.

पूर्वी अनेक विक्रेते ग्राहकांच्या कार्डांचे तपशील आपल्याकडे साठवून ठेवीत आणि तेथूनच ते चोरीस जाण्याची भीती असे. १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना अशी साठवण करण्यास मनाई आहे. ग्राहकाची संमती असल्यास खऱ्या क्रमांकाऐवजी एक पर्यायी क्रमांक, म्हणजे ‘टोकन’, ठेवले जाते. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर जो बिल्ला मिळतो, तसाच हा प्रकार आहे. एका ठिकाणचा बिल्ला दुसरीकडे चालत नाही.

कुलूप भक्कम, पण किल्ली?

यंत्रणेतील वाटा अशा अरुंद होत गेल्यावर भामट्यांनी आपला मोर्चा माणसाकडे वळविला. समजा, एखाद्या शिक्षकाने मागविलेला मिक्सर सदोष निघाला. तक्रारीसाठी तो इंटरनेटवर कंपनीचा दूरध्वनी क्रमांक शोधतो. सापडलेला क्रमांक कंपनीचा नसून भामट्याचा असतो. पलीकडचा मनुष्य अत्यंत नम्रपणे बोलतो, पैसे परत करण्यासाठी कार्डाचे आकडे विचारतो आणि ‘आता आलेला ओटीपी सांगा’ असे म्हणतो. वस्तुतः परताव्यासाठी ओटीपी लागतच नाही. तो लागतो पैसे देण्यासाठी. ओटीपीच्या संदेशात रक्कम व विक्रेत्याचे नाव बहुधा लिहिलेले असते, परंतु घाईत ते वाचले जात नाही. एखादे ॲप उतरवून घेण्यास सांगून मोबाईलचा पडदाच पाहण्याची युक्तीही हे लोक करतात. बँकांची संकेतस्थळे ओळखता यावीत म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये त्यांच्यासाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा स्वतंत्र पत्ता ठरवून दिला.

नुकसान कोणाचे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून त्याचे उत्तर फार थोड्या ग्राहकांना ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढून ग्राहकाच्या जबाबदारीला मर्यादा घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसेच आदेश निघाले. चूक बँकेची असेल, तर ग्राहकाने काहीही सोसावयाचे नाही. चूक बँकेचीही नाही व ग्राहकाचीही नाही, अशा प्रसंगी बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविले, तरीही ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लागले, तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाच्या धारकावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार येतो आणि त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डावर २५,००० रुपयांचा. सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करावयाची आणि ९० दिवसांत निकाल द्यावयाचा, असेही या आदेशात आहे.

दिवसांची मोजणी बँकेच्या संदेशापासून होत असल्यामुळे तो संदेश ग्राहकापर्यंत पोहोचणे निकडीचे ठरते. क्रमांक बदलूनही बँकेस न कळविणारे, किंवा मुलाचा क्रमांक देऊन ठेवणारे निवृत्त कर्मचारी गावोगाव आढळतात. त्यांचे तीन दिवस त्यांच्या नकळत निघून जातात.

ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर नियम कठोर आहे. बँकेला कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणून ओशाळून गप्प बसणारा मनुष्य अधिक बुडतो. प्रथम कार्ड बंद करून घ्यावे, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा आणि लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. लुबाडलेली रक्कम काही तासांतच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरविली जाते. ती वाटेतच रोखता यावी, यासाठी पोलिस व बँका यांना जोडणारी ही यंत्रणा २०२१ मध्ये उभारण्यात आली.

‘तुम्हीच ओटीपी दिला असेल’ या बँकेच्या पहिल्याच उत्तराने अनेकजण माघार घेतात. असे करण्याचे कारण नाही. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार २०१७ च्या परिपत्रकाने बँकेवरच टाकला आहे. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्याशिवाय माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे अभिनिर्णय अधिकारी असून, पाच कोटी रुपयांपर्यंतच्या नुकसानभरपाईचे दावे त्यांच्यापुढे दाखल करता येतात.