वजनकाट्यावर रोज उभे राहावे काय?

एके काळी स्वतःचे वजन करणे ही प्रवासातील करमणूक होती. मोठ्या रेल्वे स्थानकांवर उभ्या असलेल्या लोखंडी यंत्रावर चढावे, नाणे टाकावे, रंगीत दिव्यांची चक्रे फिरू लागावीत आणि खटकन एक जाड पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडावे. त्याच्या एका बाजूस वजन व दुसऱ्या बाजूस भविष्य छापलेले असे. वजनापेक्षा भविष्यच अधिक आवडीने वाचले जाई आणि वर्षातून एकदा, फार तर दोनदा, हा योग येई. ती यंत्रे आता बहुतेक ठिकाणी दिसेनाशी झाली आहेत. त्यांची जागा घरोघरच्या न्हाणीघरातील लहान, चपट्या इलेक्ट्रॉनिक काट्याने घेतली असून त्यावर दररोज, काही घरी दिवसातून दोनदा, उभे राहण्याची सवय वाढत आहे. ही सवय ठेवावी की सोडावी, असा प्रश्न विचारला जातो.

या लेखात उदाहरणे भोपाळची घेतली आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे शहर नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर व इंदूर येथून सरकारी कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबे तेथे आली व स्थायिक झाली. तथापि भोपाळ निवडण्याचे खरे कारण वेगळे आहे. अरेरा कॉलनीसारख्या वसाहतीत वाढत्या वजनाची चिंता आणि शहराच्या गरीब वस्त्यांत व भोवतालच्या खेड्यांत मुलांच्या न वाढणाऱ्या वजनाची चिंता, असे वजनाचे दोन्ही प्रश्न तेथे एकमेकांच्या शेजारी नांदतात. रोजच्या वजनाचा विचार यांपैकी एकाच बाजूने केला तर उत्तर चुकते.

प्रथम, काटा नेमके काय सांगतो ते पाहू. काट्यास चरबी, मांस, हाड असा भेद कळत नाही. त्यावर जे जे उभे आहे त्या सर्वांचा भार तो दाखवितो. त्यात पोटातील अन्न, मूत्राशयातील मूत्र व अंगावरील ओले कपडेही आले. इटलीतील पादुआ येथील वैद्य सांतोरिओ यांनी तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून, आपण काय खातो, काय पितो व काय बाहेर टाकतो याचे वजन अनेक वर्षे केले आणि १६१४ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. खाल्ल्या-प्यालेल्यापैकी बराच मोठा भाग डोळ्यांस न दिसणाऱ्या बाष्परूपाने त्वचेवाटे व श्वासावाटे निघून जातो, असे त्यांना आढळले. आपले वजन स्थिर नसते, दिवसभर ते वर-खाली होत असते, ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वीच मोजली गेली होती.

एक लिटर पाणी प्यालात की वजन त्या क्षणी एक किलोने वाढते. यात आश्चर्य नाही, परंतु सकाळी काट्यावर आकडा एक किलोने अधिक दिसला म्हणजे आपणांस चरबी वाढल्याचा भास होतो. येथे थोडा हिशेब करावा. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरींचा साठा. एका रात्रीत एवढी चरबी चढण्यास नेहमीच्या जेवणाखेरीज आणखी तीन-चार दिवसांचे जेवण एकाच वेळी जेवावे लागेल. लग्नाच्या पंगतीतही हे कोणास साधत नाही. तेव्हा एका दिवसात वाढलेला वा घटलेला किलो हा बहुतांशी पाण्याचा असतो.

हे पाणी कोठून येते? भोपाळच्या जुन्या शहरात चिमूटभर मीठ घातलेला सुलेमानी चहा मिळतो. त्या चिमटीने फारसे काही होत नाही. पण सकाळच्या पोह्यांवरची शेव, दुपारचे लोणचे, रात्रीचा पापड व फरसाण मिळून दिवसाचे मीठ बरेच होते. शरीरात मीठ वाढले की त्याचे प्रमाण राखण्यासाठी मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी काटा वर सरकतो. पिष्टमय अन्नाचा जो साठा यकृतात व स्नायूंत होतो, तोही आपल्या भाराच्या सुमारे तिप्पट पाणी सोबत बाळगतो. म्हणूनच एकादशीच्या खऱ्या निरंकार उपवासानंतर वजन झटकन उतरते व द्वादशीच्या पारण्यानंतर झटकन परत येते. स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीच्या आधी काही दिवस अंगात पाणी साचून वजन वाढलेले दिसते. मे महिन्यातील उन्हात मोठ्या तलावाकाठी तासभर चालून आलेल्या गृहस्थाचे वजन अर्धा-एक किलो कमी भरेल, परंतु ते घामाचे असते. माठातील पाणी पिताच ते भरून निघते व निघालेच पाहिजे. ते निघू नये म्हणून तहान मारणारे लोकही आहेत. हा प्रकार उन्हाळ्यात धोक्याचा होय.

आकड्याची दुसरी मर्यादा आपल्या लोकांना विशेष लागू आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे शेजारी उभे असलेले छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली प्रसिद्ध झाले. उंची व वजन यांवरून काढला जाणारा निर्देशांक, ज्यास बीएमआय म्हणतात, तो दोघांचा सारखाच, म्हणजे २२.३ होता. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगी ती ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगी २१.२ टक्के भरली. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटाभोवती चरबी असू शकते व मधुमेह लवकर गाठू शकतो, हे त्या एका छायाचित्राने जगास समजावले. यास्तव कंबरेचा घेर शिंप्याच्या फितीने मोजणे आपल्याकडे अधिक उपयुक्त ठरते. पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठी धरलेली मर्यादा आहे. फितीस विजेरी लागत नाही आणि ती एका रात्रीच्या पापडाने बदलत नाही.

मग रोज वजन करणे अगदीच निरर्थक काय? तसे म्हणता येत नाही. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पूर्वी बरेच वजन उतरविलेल्या ३१४ व्यक्तींचे निरीक्षण केले होते. त्यांपैकी प्रशिक्षण घेऊन रोज वजन करणाऱ्यांचे वजन पुन्हा वाढण्याची शक्यता कमी आढळली. मात्र त्यांना केवळ काटा दिलेला नव्हता. आकडा किती वाढला की आहारात व व्यायामात कोणता बदल करावा, हेही शिकविले होते. उलट बाजूस, मिनेसोटा विद्यापीठाने किशोरवयापासून तारुण्यापर्यंत केलेल्या दीर्घ पाहणीत, ज्या मुली वरचेवर वजन करू लागल्या त्यांच्यात खिन्नता व स्वतःविषयी असमाधान वाढल्याचे दिसून आले. शिक्षकांनी याकडे लक्ष द्यावे. नववी-दहावीतील मुलगी डबा परत नेऊ लागली, दिवसाकाठी अनेकदा वजन करू लागली, तर तिला आरशावरून वा आकड्यावरून चिडविणे थांबवावे आणि पालकांशी बोलून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अशा घरातील काटा काही काळ उचलून ठेवणेच इष्ट.

सशक्त प्रौढ माणसास रोज वजन करण्याचे कारण नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आठवड्यातून एकदा पुरे. जुन्या भोपाळात इतवारा, बुधवारा, जुमेराती अशी वारांवरून पडलेली मोहल्ल्यांची नावे आहेत. त्याप्रमाणे आपणही एक वार ठरवावा. सकाळी शौचास जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, हलक्या कपड्यांत, त्याच काट्यावर व त्याच फरशीवर वजन करावे. गादीवर वा सतरंजीवर ठेवलेला काटा खोटे बोलतो. काट्याची परीक्षा घेणेही सोपे आहे. आधी स्वतःचे वजन पाहावे, मग शरबती गव्हाच्या आट्याची दहा किलोची सीलबंद पिशवी हाती घेऊन पुन्हा पाहावे. फरक दहा किलोचा यावयास हवा. चार आठवड्यांचे आकडे ओळीने पाहिल्यावर जो कल दिसतो तोच विचारात घ्यावा.

हे झाले काट्याच्या अतिरेकाविषयी. आता ज्यांनी वजन करणे सोडता कामा नये त्यांच्याविषयी.

त्यांत पहिले नाव बालकाचे. निरोगी बाळाचे जन्माचे वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट व वर्षाच्या सुमारास तिप्पट होते. ते तसे होत आहे की नाही, हे आईच्या वा आजीच्या नजरेस नेहमीच कळत नाही, कारण हळूहळू रोडावणारे मूल रोज पाहणाऱ्यास रोडावलेले दिसत नाही. म्हणून २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हापासून अंगणवाडीत मुलाला झोळीत टाकून काट्यास टांगणे आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपका देणे हे मुख्य काम मानले गेले. तक्त्यावरील एक ठिपका फारसे सांगत नाही. दोन-तीन महिन्यांचे ठिपके जोडणारी रेषा सांगते. ती आडवी झाली वा खाली वळली तर मूल आजारी दिसण्यापूर्वीच सूचना मिळते. मध्य प्रदेशात वयाच्या मानाने कमी वजन असलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ साली ४२.८ टक्के होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत ३३ टक्क्यांवर आले. सुधारणा आहे, पण तीन मुलांपैकी एकाचे वजन अद्याप कमी भरते. ‘नजर लागेल’ म्हणून मूल काट्यावर न देणारी माणसे अजून भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा तीट लावून मूल आणू द्यावे व वजन करावे. वजन अंदाजाने भरण्याची वाईट सवय मात्र कोणत्याही कारणाने क्षम्य नाही, कारण खोटा ठिपका पुढील तीन महिन्यांची रेषा खोटी करतो. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरलेल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

गर्भवतीचे वजन नऊ महिन्यांत सुमारे ९ ते ११ किलोंनी वाढावे अशी अपेक्षा असते; ते प्रत्येक तपासणीत नोंदविले पाहिजे. क्षयरोग्याचे तर वजन हेच प्रगतिपुस्तक होय. झारखंडमध्ये सुमारे २,८०० क्षयरोग्यांना औषधांबरोबर शिधा देऊन केलेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. चाळीस किलोच्या रुग्णास ही वाढ अवघी दोन किलो होते. क्षयरोग्यास पोषणासाठी मिळणारे शासकीय साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाले आहे. त्याचा उपयोग होतो की नाही हेही काट्यावरच दिसते.

हृदय दुबळे झालेल्या रुग्णास मात्र डॉक्टर रोजच वजन करावयास सांगतात आणि तेथे वर सांगितलेला पाण्याचा दोषच उपयोगी पडतो. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ती चरबी नसून अंगात साचू लागलेले पाणी असते. दम लागण्याची किंवा पायांवर सूज दिसण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात कळवावे. तसेच प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांनी घटले, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलोंनी उतरले, तर ‘बारीक झालो’ म्हणून समाधान मानू नये. मधुमेह, क्षय, कर्करोग यांपैकी काही आहे काय याची तपासणी करून घ्यावी. तपासणीस जाताना आठवड्याच्या वजनांची दिनदर्शिकेवर केलेली नोंद सोबत न्यावी. डॉक्टर वजन कधीपासून उतरले हे प्रथम विचारतात आणि बहुतेकांना ते आठवत नाही.